अनेकस्वरी सिंथेसायझर कसा असावा?

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या योगें ध्वनि घडविणारें वाद्य. पेटीच्या चार पट्ट्या एकदम दाबल्या असतां चार स्वर उमटतात. परंतु १९७० सालच्या मिनीमूगवर एका वेळीं एकच स्वर निघे. १९७८ सालीं डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ नें पांच स्वरांची सोय केली. तथापि सहावी पट्टी दाबतांच आधींचा एखादा स्वर तुटे. बोट उचलल्यावरही स्वर कांहीं काळ विरत राहतो. म्हणून दहा बोटांस दहांहून अधिक स्वर असावेत, असें आम्हांस वाटतें.

दुसरा गुण स्मरणाचा. पूर्वीं साधलेला ध्वनि खुंट्या फिरवितांच हरपे; खुंट्यांच्या जागा कागदावर टिपाव्या लागत. प्रॉफेटनें चाळीस ध्वनि जतन केले.

तिसरा गुण सुगमतेचा. १९८३ सालच्या यामाहा डीएक्स-७ मध्यें सोळा स्वर होते. पण ध्वनि घडविण्यास बटणांची रांग व एकच सरकती कळ! पुष्कळ वादक तयार ध्वनींवरच थांबले.

पाल्यासाठीं असें वाद्य घेतांना पालकांनीं हे तिन्ही गुण पारखावे, तिसरा विशेषेंकरून. खुंटी हाताशीं असेल तरच मूल ती फिरवून पाहील, आणि फिरवून पाहिल्यावांचून त्याचा कान तयार होणार नाहीं.