पावसाचा जुगार आणि प्रा. दांडेकर

बदनापूर परिसरातील कापूस, तूर, मूग ही पिके मुख्यतः पावसाच्या भरवशावर घेतली जातात. मृग बरसला आणि पुढील दोन नक्षत्रे कोरडी गेली, तर बी-बियाणे, खत व मशागत यांवरील खर्च मातीमोल होतो. म्हणूनच कोरडवाहू शेतीला ‘पावसाचा जुगार’ म्हटले जाते. तथापि, दोहोंत मूलभूत भेद आहे. जुगारी मनुष्य नसलेला धोका हौसेने ओढवून घेतो. शेतकऱ्याच्या वाट्याला तो न मागता येतो. हा धोका अनेकांत कसा वाटून घ्यावा, याचे व्यवहार्य उत्तर पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर (१९२०–१९९५) यांनी दिले.

प्रा. नीलकंठ रथ यांच्यासमवेत १९७१ साली केलेला दारिद्र्याचा अभ्यास आणि प्रादेशिक अनुशेषाविषयीच्या समितीचा १९८४ चा अहवाल यांमुळे प्रा. दांडेकर सर्वपरिचित आहेत. पीक विम्यावरील त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे.

१९७२ साली गुजरातमध्ये एच-४ कापसासाठी वैयक्तिक पीक विमा सुरू झाला व पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांत गेला. १९७९ पर्यंत ३,११० शेतकऱ्यांकडून ४.५४ लाख रुपये हप्ता जमला. भरपाई मात्र ३७.८८ लाख रुपये द्यावी लागली. प्रत्येक शेताची पाहणी अवघड होती. शिवाय भरपाईच्या भरवशावर पिकाची निगा कमी होण्याचाही संभव होता.

प्रा. दांडेकरांनी १९७६ साली क्षेत्राधारित विम्याचा मार्ग मांडला. एका शेताऐवजी समान परिस्थितीचे संपूर्ण क्षेत्र घटक मानावे आणि पीक कापणी प्रयोगांवरून त्याचे सरासरी उत्पादन ठरवावे, असे त्याचे सूत्र होते. समजा, एखाद्या मंडळात कापसाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल असून प्रत्यक्षात ६ क्विंटल आले. तूट ४० टक्के झाली. म्हणून ४०,००० रुपये विमा रकमेवर प्रत्येक विमाधारकास १६,००० रुपये मिळतील. ज्याने कष्टाने ८ क्विंटल पिकविले, त्यासही तेवढीच रक्कम मिळेल. म्हणजेच निगा राखणाऱ्याचे नुकसान होत नाही.

या तत्त्वावर १९७९ साली प्रायोगिक योजना व १९८५ साली सर्वंकष पीक विमा योजना सुरू झाली. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा पायाही हाच आहे. या पद्धतीत एक उणीव आहे. एकाच शिवारावर गारपीट झाली आणि मंडळाची सरासरी चांगली राहिली, तर नुकसान झालेला शेतकरी वंचित राहतो. त्यामुळे पुढील योजनांत स्थानिक आपत्तींसाठी स्वतंत्र पाहणीची तरतूद करण्यात आली.

या पद्धतीत संपूर्ण मंडळाची भरपाई मोजक्या कापणी प्रयोगांवर अवलंबून असते. चुकलेले एक वजन शेकडो कुटुंबांचा हक्क हिरावू शकते. म्हणून प्रयोगाच्या दिवशी पंचायत सदस्यांनी शेतावर उपस्थित राहावे, वजन व नोंद समक्ष पडताळावी आणि शिक्षकांनी हा हिशेब गावकऱ्यांस समजावून द्यावा. पाऊस कोणाच्या हाती नाही. मोजमाप मात्र गावाच्या हाती आहे.