उन्हातली शर्यत

अमेरिकेत हायस्कुलातल्या मुलींची एक शर्यत असते. गवतातून, टेकडीवरून, रानातल्या वाटेनं ५ किलोमीटर पळायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं पुष्कळ ठिकाणी कडक ऊन असतं.

एका शाळेच्या बहुधा ७ मुली पळतात. त्यांतल्या पुढच्या ५ जणींचे नंबर मोजतात. ज्या शाळेच्या नंबरांची बेरीज कमी, ती शाळा जिंकते. पाचवी मुलगी मागं पडली की साऱ्याजणी हरायच्या! म्हणून चक्कर आली तरी पोरगी थांबत नाही. धोका आहे तो इथंच.

पळताना अंग आतून तापतं. घाम वाळला की निवतं. हवा दमट असली तर घाम वाळत नाही. ताप १०४ अंशांच्या वर जातो. मुलगी झोकांड्या खाते, बरळते. अंगाला घाम आहे म्हणून फसू नका. हा उष्माघातच.

मग आधी काय? दवाखाना की पाणी? गाडी लगेच बोलावतात, पण तिची वाट बघत बसत नाहीत. मुलीला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवतात, डोकं वर धरतात. शुद्ध नसेल तर पाणी पाजत नाहीत. अंग निवलं की मग दवाखाना.

जाणते शिक्षक हा टब शर्यतीआधीच भरून ठेवतात.