मेलला कुलूप होतं, तरी माझे पैसे गेले कसे?

एन्क्रिप्शनच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथे नीट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सप्लायरचा मेल आला. 'खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नवीन खात्यावर करा.' मेल आयडी तोच, बिल तसंच, रक्कमही बरोबर. मी 42,000 रुपये पाठवून मोकळा. चार दिवसांनी त्यांचा फोन, "दादा, पेमेंटचं काय झालं?" त्यांच्या मेलचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता. पैसे काही परत आले नाहीत.

मग एन्क्रिप्शन काय कामाचं? बघा, समजा तुम्ही दहा गिऱ्हाइकांना उघडी कुलपं वाटली. चावी एकच, तुमच्या खिशात. कुणीही चिठ्ठी डब्यात टाकून कुलूप दाबून लावेल, पण उघडणार फक्त तुम्ही. उघडं कुलूप म्हणजे पब्लिक की, खिशातली चावी म्हणजे प्रायव्हेट की. डिफी आणि हेलमन या दोघांनी 1976 मध्ये ही कल्पना जगापुढे मांडली. त्याआधी चावीच गुपचूप पोहोचवायची पंचाईत असायची.

व्हॉट्सॲपवर 2016 पासून असं कुलूप आहे, मेसेज मधल्या मध्ये कंपनीलाही वाचता येत नाही. साधा ई-मेल मात्र बहुतेक वेळा फक्त वाटेत कुलपात असतो. मेलबॉक्समध्ये पोहोचला, की पासवर्ड ज्याच्याकडे, मेल त्याचा. माझ्या बाबतीत कुलूप कुणी तोडलंच नाही. चोर चावी घेऊन पुढच्या दारानं आला.

मेल खरंच कुणी पाठवला, हे सांगायला डिजिटल सही लागते. तिथे काम उलटं: प्रायव्हेट की वापरून सही, आणि पब्लिक की वापरून कुणीही ती तपासतो. टेंडरला, कंपनीच्या जीएसटी रिटर्नला लागणारी डीएससी हीच. आणि इथेच आपले लोक काय करतात? तो यूएसबी टोकन पिनसकट अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये! अहो, सह्या केलेलं कोरं चेकबुक असं ठेवाल का कुणाकडे? आयटी कायदा 2000 ने या सहीला मान्यता दिलीये. आजच टोकन घरी आणा, पिन बदला.

बाकी कामं पाच-दहा मिनिटांची. मेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, तेही करा. त्याचा पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा, विसरलात तर फोन हरवल्यावर बॅकअप उघडणार नाही.

आणि खातं बदलल्याचा निरोप आला, तर मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर करा. मी आता नवीन खात्यावर आधी 1 रुपया पाठवतो, सप्लायरला फोन लावतो, आणि "आला" हे त्याच्या तोंडून ऐकल्यावरच बाकीचे सोडतो.