पाप कोणाचं? – कर्म, पुनर्जन्म आणि येशूचं उत्तर

आजचे वाचन : योहान 9:1-12



ऑफिसमधल्या माझ्या मैत्रिणीला गेल्या वर्षी मुलगी झाली. बाळाला जन्मापासून ऐकू येत नाही. परवा डबा खाताना ती हळूच म्हणाली, "सगळे म्हणतात मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. तुमच्यात काय मानतात गं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण आपल्या मंडळीतही कोणी आजारी पडलं की "घरात काहीतरी पाप असेल" अशी कुजबुज मी ऐकली आहे. खरं सांगायचं तर मीही कधीतरी केली आहे.

त्या रात्री योहानाचा नववा अध्याय वाचला. समोर एक जन्मांध माणूस आहे, आणि शिष्य विचारतात, पाप कोणाचं? ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. देवाचं कार्य ह्याच्या जीवनात दिसणार आहे, असं तो म्हणतो. मग थुंकीने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांना दोषी हवा होता, येशूला तो माणूस दिसत होता.

कर्मसिद्धांताची टिंगल करू नका. जगात न्याय असावा, ही त्यामागची ओढ खरी आहे. पेरावे तसे उगवते, हे पौलही सांगतो (गलती 6:7). खोटं बोललं की विश्वास तुटतोच. पण म्हणून प्रत्येक दुःख हे कुणाच्या तरी पापाचं फळ, असं उलटं गणित मांडता येत नाही. ईयोबाच्या मित्रांनी तेच मांडलं आणि देव त्यांच्यावर रागावला. बुरूज कोसळून 18 जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, असं येशूने स्पष्ट सांगितलं (लूक 13).

आता पुनर्जन्म. पवित्र शास्त्रानुसार माणूस एकदाच मरतो आणि त्यानंतर न्याय (इब्री 9:27). आपली आशा पुनरुत्थानाची आहे. पुनर्जन्मात आत्मा दुसरं शरीर घेतो. पुनरुत्थानात तोच माणूस उठतो. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, आठवतं ना? आणि नीकदेमाला सांगितलेला नवा जन्म मेल्यानंतरचा नाही, तो ह्याच आयुष्यात पवित्र आत्म्याने होतो.

मग एका जन्मात सगळा हिशोब फिटणार कसा? वधस्तंभावरचा तो चोर बघा. चांगली कर्मं करायला त्याच्याकडे वेळच उरला नव्हता. तरी त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचं वचन त्याला मिळालं. आपल्याविरुद्धचं ऋणपत्र ख्रिस्ताने वधस्तंभाला खिळून रद्द केलं (कलस्सै 2:14). कर्ज माफ झालं असं नाही, दुसऱ्याने ते फेडलं. म्हणून कृपा आपल्याला फुकट असली तरी स्वस्त नाही, आणि ती मिळाली की वागणं बदलतंच.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला एवढंच म्हणाले, "तुझ्या बाळाने काही केलेलं नाही, आणि ही तुझी शिक्षाही नाही. असं का झालं, मला माहीत नाही. पण येशूने अशा माणसाला दोष दिला नाही, जवळ घेतलं." ती बराच वेळ रडली. शनिवारी बाळाच्या तपासणीला मी तिच्यासोबत जाणार आहे.

आज करून बघा : तुमच्या ओळखीत कोणी दुःखात असेल तर "का झालं?" न विचारता "मी काय करू?" असं विचारा.

प्रार्थना : प्रभू येशू, दुसऱ्याच्या दुःखात पाप शोधणारी माझी नजर बदल. माझं ऋण तू फेडलंस, हे मला विसरू देऊ नकोस. त्या लहान बाळावर आणि तिच्या आईबाबांवर तुझा हात असू दे. आमेन.