परदेशी शिकलेल्या जपानी मुली आणि आपल्या आनंदीबाई

गेल्या सत्रात इतिहासाच्या तासाला सरांनी एक जुने छायाचित्र वर्गात फिरवले. तीन तरुण स्त्रिया, तिघींचे तीन वेश. डावीकडे साडीतील आनंदीबाई जोशी, मधे किमोनो घातलेली जपानची केई ओकामी, उजवीकडे सिरियाची साबात इस्लांबुली. साल १८८५. तिघीही अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. आनंदीबाईंची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. पण शेजारची ती जपानी बाई कोण, हा प्रश्न मला सोडीना, म्हणून ग्रंथालयात बसून थोडे वाचले. तेच येथे मांडते.

जपानी मुलींचे परदेशी शिक्षण ओकामीच्या आधीच सुरू झाले होते. १८७१ साली जपान सरकारने इवाकुरा नावाच्या मुत्सद्द्याच्या नेतृत्वाखाली एक मोठे शिष्टमंडळ अमेरिका-युरोपला धाडले. त्याबरोबर पाच मुली होत्या. दहा वर्षे अमेरिकेत राहायचे, शिकायचे आणि परत येऊन देशातील स्त्रियांना शिकवायचे, खर्च सरकारचा, असा बेत होता. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची. सहाव्या वर्षी मुलीला बोटीवर चढवणाऱ्या आईबापांना काय वाटले असेल?

एका आईला काय वाटले ते मात्र कळते. यामाकावा घराण्यातील साकिको अकरा वर्षांची होती. निघण्यापूर्वी आईने तिचे नावच बदलून 'सुतेमात्सु' ठेवले. यातील 'सुते' म्हणजे टाकून देणे आणि 'मात्सु' या उच्चारात वाट पाहणे हाही अर्थ येतो. म्हणजे टाकून दिली, पण वाट पाहते आहे. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवले, त्या दिवशी पुढे वाचवले नाही.

पाचांपैकी थोरल्या दोघी प्रकृतीच्या कारणाने १८७२ सालीच परत आल्या. त्यांच्याविषयी पुस्तकांत एक-दोन ओळींपेक्षा जास्त सापडत नाही. जिंकलेल्यांचीच चरित्रे लिहायची ही रीत मला पटत नाही. आमच्या आश्रमशाळेतही पहिल्या पावसाळ्यातच घरी परत गेलेल्या मुली होत्या. त्यांना कोणी भित्र्या म्हणाले तर मी ऐकून घेणार नाही.

उरलेल्या तिघी टिकल्या. सुतेमात्सु १८८२ साली व्हॅसर महाविद्यालयाची पदवीधर झाली. अमेरिकन महाविद्यालयाची पदवी मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. उमेको त्याच वर्षी तिच्याबरोबर मायदेशी परतली. अकरा वर्षांत ती आपली भाषा जवळजवळ विसरली होती. घरात आईवडील बोलतात आणि मुलीला समजत नाही! तिला जपानी नव्याने शिकावी लागली. शिवाय ज्या सरकारने पाठवले, त्याच्याजवळ या शिकलेल्या मुलींसाठी काही काम तयार नव्हते. उमेको पुन्हा अमेरिकेत जाऊन ब्रिन मॉर महाविद्यालयात शिकली आणि १९०० साली तिने तोक्योत मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. त्याच शाळेचे आज त्सुदा विद्यापीठ झाले आहे. २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

आता आपल्या आनंदीबाई. त्यांच्यामागे कुठलेही सरकार नव्हते. नवरा पोस्टात नोकरीला. मूल जन्मून दहा दिवसांत गेले, तेव्हापासून डॉक्टर होण्याची जिद्द. १८८३ साली, अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा नवरा बरोबर नव्हता. शाकाहारी जेवण, कडाक्याची थंडी, धुराने भरणारी खोली, हे सारे सोसून १८८६च्या मार्चमध्ये पदवी मिळवली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती. पण क्षय घेऊनच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय बाविसाव्याच्या आत. त्यांची रक्षा अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. याच बाईंनी त्यांना मुलीप्रमाणे घरी ठेवले होते. ती पुकीप्सी गावच्या दफनभूमीत आहे. सुतेमात्सुचे व्हॅसर महाविद्यालयही पुकीप्सीलाच! नकाशात ते गाव शोधताना मला उगीचच माहेरचे गाव सापडल्यासारखे झाले.

ओकामी १८८९ साली पदवी घेऊन परतली आणि तोक्योच्या एका रुग्णालयात डॉक्टर झाली. ती स्त्री आहे म्हणून सम्राटाने तिला नाकारले, तेव्हा तिने ती जागा सोडली, असे सांगतात. पुढे स्वतःचा दवाखाना चालवला. ती १९४१ पर्यंत जगली. छायाचित्रात शेजारी असलेल्या दोघींच्या मृत्यूंत चोपन्न वर्षांचे अंतर पडले.

हे सारे मी इतके मन लावून का वाचले? मीही सहाव्या वर्षीच घर सोडले. समुद्र ओलांडला नाही, धडगाव तालुक्यातील पाड्यावरून आश्रमशाळेत आले, इतकेच. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जात, घरी आजी. आमची बोली पावरी. शाळेत मराठी. आता पदवीनंतर एम. ए. साठी पुण्याला जावे असे माझ्या मनात आहे. वडिलांनी हो म्हटले आहे, आई अजून काही बोलत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आजीबरोबर रानात गेले होते. एका भाजीचे नाव मला आठवेना, म्हणून मी ते मराठीत सांगितले. आजी हसली, आणि मग हसायची थांबली. उमेकोची गोष्ट मी तिला त्या रात्री चुलीपाशी सांगितली. ती सगळी पावरीत सांगताना मी चारदा अडले. आजीने एकच विचारले, "ती पोरगी पुन्हा बोलायला शिकली ना?" शिकली, म्हटले. दुसऱ्या दिवशी आजीने मला पुन्हा रानात नेले आणि एकेका झाडापाशी थांबून नाव म्हणून घेतले. एकतीस नावे झाली. ती वही माझ्या खोलीत आहे. नाताळच्या सुट्टीत पुढची घ्यायची आहेत.