गोणीचे वजन

अमली पदार्थ बाळगल्याबद्दल 1985च्या कायद्याखाली शिक्षा झाल्यावर उच्च न्यायालयात केले जाणारे अपील म्हणजे खटल्याची नव्याने सुनावणी नव्हे. सत्र न्यायालयातील साक्षीपुराव्याचीच तेथे फेरतपासणी होते आणि नवा पुरावा क्वचितच घेतला जातो. खटला चालू असताना हे घरच्यांना कोणी सांगत नाही. ‘हायकोर्टात सुटेल’ एवढेच सांगितले जाते.

प्रस्तुत लेखकाच्या धाकट्या भावाच्या प्रकरणात गांजाची एक गोणी होती. गांजा 20 किलोंहून अधिक भरला की तो ‘व्यावसायिक प्रमाण’ ठरतो व किमान 10 वर्षांची सक्तमजुरी चुकत नाही. असे असताना वकिलांनी सारा युक्तिवाद कलम 50 वर, म्हणजे राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेतली जाण्याच्या आरोपीच्या हक्कावर खर्च केला; वास्तविक ते कलम अंगझडतीपुरतेच आहे, पिशवी-गोणीला लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पवनकुमार प्रकरणात 2005 मध्येच सांगितले होते.

अपिलासाठी काढलेल्या नकलांतील पंचनाम्यात खरे वर्म होते: ‘पाने, काड्या, बोंडे असा ओलसर माल, गोणीसह 20 किलो 600 ग्रॅम’. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळाचे शेंडे, काड्या नव्हेत, आणि गोणी तर नव्हेच. तरीही रिकाम्या गोणीचे वजन किती, हा एक प्रश्न तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत विचारलेला नाही. ही ओळ दाखवल्यावर, ‘तो मुद्दा अपिलात घेऊ’ असे वकीलसाहेब निर्विकारपणे म्हणाले. प्रत्येक तारखेची फी मागताना मात्र त्यांना असा विसर कधी पडला नव्हता.

अपिलाची मुदत 60 दिवसांची असून प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ तीत धरला जात नाही. कैद्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील करता येते व विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. पंचनामा, मालखान्याची नोंदवही, सीलचा तपशील आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल घरच्यांनी स्वतः शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने दादू प्रकरणात 2000 साली शाबूत ठेवला. परंतु व्यावसायिक प्रमाण असल्यास कलम 37 आडवे येते, म्हणजे आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण दाखवावे लागते. म्हणून वजनाचा मुद्दा अंतिम सुनावणीसाठी राखून न ठेवता स्थगितीच्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात, पंचनाम्याच्या पानाच्या क्रमांकासह, लिहून घ्यावा.