मळणी यंत्राच्या पट्ट्याची तपासणी व देखभाल

कळंब तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी जोरात असते. गंज्या लागलेल्या असतात, आभाळ भरून येते आणि यंत्र मिळाले की रात्रीतून काम उरकण्याची घाई होते. नेमका तेव्हाच पट्टा घसरू लागतो. मग यंत्र न थांबवता कोणी फिरत्या पट्ट्याला राळ लावतो, कोणी पुलीजवळचा भुसा हाताने ओढतो. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पट्टा व पुलीमध्ये दुपट्ट्याचे टोक सापडले तर हात मागे घेण्यास सवड मिळत नाही. म्हणून शेतकरी बंधूंनी ही तपासणी हंगामापूर्वी आणि यंत्र बंद असतानाच करावी.

प्रथम ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात ठेवावी व पी.टी.ओ. शाफ्ट काढावा. इंजिन बंद केल्यावरही ढोल काही वेळ फिरतो. तो पूर्ण थांबल्यावरच जाळी उघडावी.

तपासणी कशी करावी?

१) स्थिती : व्ही पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी धरतो, तळाने नाही. भेगा, सुटलेले धागे किंवा बाजूंवर काचेसारखी चकाकी दिसल्यास पट्टा बदलावा. खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असल्यास पट्टा किंवा पुली झिजली आहे असे समजावे.

२) ताण : पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. दोन पुलींमधील अंतर १ मीटर असल्यास पट्टा सुमारे दीड सें.मी. दबावा. सैल पट्टा घसरून तापतो, ढोलाचा वेग कमी होतो, माल गुंडाळतो. फार ताणलेला पट्टा बेअरिंग खराब करतो.

३) सरळ रेषा : दोन्ही पुलींच्या कडांना सुतळी ताणून लावावी. पुली वाकडी असल्यास पट्टा एकाच बाजूने झिजतो.

४) बदल : जोडीतील सर्व पट्टे एकाच वेळी बदलावेत. पहारीने पट्टा चढवू नये. ताणाचे नट सैल करूनच बसवावा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा लांबतो, म्हणून काही तास काम झाल्यावर यंत्र थांबवून ताण पुन्हा पाहावा.

राळ, ग्रीस किंवा तेल पट्ट्याला लावू नये. राळेने घसरणे थोडा वेळ थांबते, पण धूळ चिकटते आणि मूळ दोष तसाच राहतो. पट्टा दुरुस्त झाल्यावर ढोलाचा वेगही वाढवू नये. बियाण्याच्या सोयाबीनमध्ये १३ टक्के ओलावा असल्यास मिनिटाला ३०० ते ४०० फेरे पुरेत. जास्त वेगाने दाणा फुटतो व उगवण घटते.

काम सुरू करताना जाळी परत बसवावी. दुपट्टा, सैल बाही, पदर, बांगड्या यांची काळजी घ्यावी. माल टाकण्याचे परनाळे किमान ९० सें.मी. लांब व त्यातील ४५ सें.मी. झाकलेले असावे. रात्री पुरेसा उजेड ठेवावा. दारू प्यायलेल्या माणसाला आणि मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये.

हंगाम संपल्यावर पट्टे काढून, पुसून, ऊन, तेल व उंदीर यांपासून दूर टांगावेत.

यंत्र भाड्याचे असले तरी हात आपल्याच माणसांचे असतात. म्हणून यंत्र शेतात येताच पट्टा पाहावा व जाळी बसवून घ्यावी. त्यानंतरच गंजीला हात लावावा.